संगणकाची नाडी

संगणकाला स्वतःचे तापमान कळते, ह्याचे आज कुणाला नवल वाटत नाही. पडद्याच्या कोपऱ्यात आकडा दिसतो, पंखा आपोआप वेग घेतो, फारच तापले तर यंत्र स्वतःहून बंद पडते. पण हे सारे अलीकडचे आहे. शिवाय मोजणारे उपकरण यंत्रात आले म्हणजे काम झाले असेही नव्हते. ते उपकरण काय सांगते आहे हे कुठल्याही यंत्रावर, कुठल्याही कंपनीच्या चिपकडून, एकाच रीतीने समजून घेता यावे, एवढी साधी सोय व्हायला त्यानंतर सुमारे दहा वर्षे लागली. त्या दहा वर्षांचा हा वृत्तान्त आहे.

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे लढाया, तह आणि सनदा येतात. ह्या वृत्तान्ताची कागदपत्रे कोणत्याही दप्तरखान्यात नाहीत. ती प्रोग्रामच्या मजकुरातच आहेत. लिनक्स ही संगणकप्रणाली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स ह्या विद्यार्थ्याने १९९१ साली सुरू केली आणि तिचा सगळा मजकूर सर्वांना वाचायला, सुधारायला खुला ठेवला. तिच्यातल्या बहुतेक प्रोग्रामांच्या माथ्यावर लिहिणाऱ्याचे नाव आणि साल असते, आणि मधे मधे 'असे का केले' ह्याच्या टिपा असतात. ताम्रपटात जसे दात्याचे नाव आणि शक सापडतो तसेच हे. ही पाने मी कुतूहलाने वाचत गेलो तेव्हा माझ्या ध्यानात आले की हा विषय वरवर कितीही रुक्ष दिसला तरी मुळात तो भाषेचा आहे. दोन भाषांच्या उंबरठ्यावर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना तो परका वाटू नये.

नाडी कुठे लागते

१९९३ साली पेन्टियम प्रोसेसर आला. त्याच्या डोक्यावर धातूची पन्हाळी आणि तिच्यावर पंखा, ही रचना त्यानंतर रूढ होत गेली. पंखा आला म्हणजे धूळ आली, धूळ आली म्हणजे पंखा अडखळणे आले, आणि पंखा थांबला की चिपच्या जिवाशी गाठ आली. विजेचा दाबही तसाच महत्त्वाचा. प्रोसेसर, स्मृती, चकती ह्यांना लागणारे ३.३, ५ आणि १२ व्होल्ट जरा इकडचे तिकडे झाले तर यंत्र विचित्र चुका करू लागते, आणि दोष कुठे आहे ह्याचा पत्ता लागत नाही.

म्हणून मदरबोर्डवर एक छोटी चिप बसवण्याची प्रथा पडली. अमेरिकेतल्या नॅशनल सेमिकंडक्टर ह्या कंपनीच्या दोन चिप्स ह्या बाबतीत मूळपुरुष म्हणाव्या लागतील: एलएम-७५ आणि एलएम-७८. एलएम-७५ ला एकच काम, तापमान सांगणे, तेही अर्ध्या अंशापर्यंत. एलएम-७८ चा संसार मोठा: सात ठिकाणचा विजेचा दाब, तीन पंख्यांचा वेग आणि एक तापमान. (ही कंपनी २०११ साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये विलीन झाली, चिप्सची नावे मात्र राहिली.)

ही चिप नेमके काय करते ते जरा पाहू, कारण पुढचा सगळा घोळ त्यातूनच निघतो. एलएम-७८ ला दाब मोजायला शून्यापासून २५५ पर्यंतचे आकडे आहेत, आणि एक आकडा म्हणजे १६ मिलिव्होल्ट. म्हणजे जेमतेम ४ व्होल्टपर्यंतच तिची पोच. मग १२ व्होल्ट मोजायचे कसे? त्यासाठी मदरबोर्ड बनवणारा दोन रोधक लावून दाब कमी करून घेतो. एक रोधक २८ हजार ओहमचा आणि दुसरा १० हजार ओहमचा असेल, तर १२ व्होल्टचे ३.८ ने भागून साधारण ३.१६ व्होल्ट होतात आणि चिप १९७ हा आकडा सांगते. ह्या १९७ चे पुन्हा १२ व्होल्ट करायचे, तर रोधक कोणते होते ते माहीत पाहिजे. चिपला ते माहीत नसते. बोर्ड बनवणाऱ्यालाच माहीत असते.

पंख्याचे गणित आणखी गमतीचे. पंखा फिरताना ठोके पाठवतो. चिप त्या ठोक्यांमधल्या वेळात स्वतःच्या घड्याळाचे किती टोले पडले ते मोजते. ते घड्याळ सेकंदाला २२,५०० टोले देणारे. म्हणून मिनिटाचे फेरे काढायचे तर १३ लाख ५० हजारांना त्या मोजलेल्या आकड्याने आणि वर एका ठरवलेल्या भाजकाने भागायचे. हा भाजक २ असेल आणि पंखा मिनिटाला २,६०० फेऱ्यांपेक्षा सावकाश फिरत असेल, तर मोजणी २५५ च्या पलीकडे जाते आणि चिप सांगते, 'पंखा बंद आहे.' पंखा डोळ्यांसमोर फिरत असतो! भाजक ४ केला की तोच पंखा पुन्हा जिवंत होतो.

थोडक्यात, चिप खोटे बोलत नाही. पण ती जे बोलते त्याचा अर्थ तिच्याबाहेर असतो.

दोन तारा आणि न होणारी हजेरी

ह्या चिपशी बोलायचे कसे? हॉलंडच्या फिलिप्स कंपनीने १९८२ च्या सुमारास, दूरचित्रवाणी संचातल्या चिप्सनी एकमेकांशी बोलावे म्हणून दोन तारांची एक योजना काढली होती. एक तार ताल धरण्यासाठी, दुसरी मजकुरासाठी. तिचे नाव आय-टू-सी. १९९५ साली इंटेलने ह्याच धर्तीवर एसएमबस ही योजना जाहीर केली, आणि संगणकातल्या बॅटऱ्या, स्मृतीच्या पट्ट्या आणि तापमानाच्या चिप्स त्या दोन तारांवर येऊन बसल्या.

ही व्यवस्था स्वस्त आणि सुटसुटीत. तारेवरच्या प्रत्येक चिपला एक पत्ता असतो आणि वापरण्याजोगे पत्ते एकंदर ११२. पण तिच्यात एक उणीव आहे. शाळेत मास्तर हजेरी घेतात तेव्हा मूल नाव सांगून 'हजर' म्हणते. संगणकातल्या दुसऱ्या काही मार्गांवर, उदाहरणार्थ पीसीआयवर, प्रत्येक कार्ड आपल्या कंपनीचा आणि जातीचा क्रमांक सांगते. ह्या दोन तारांवर तसे काही नाही. पत्ता हाकला तर 'ओ' एवढेच ऐकू येते. 'ओ' कुणी दिली हे कळत नाही, आणि एकाच पत्त्यावर वेगवेगळ्या यंत्रांत वेगवेगळ्या जातीच्या चिप्स नांदत असतात.

एलएम-७८ मध्ये निदान ओळखीचा एक आकडा लिहिलेला आहे. एलएम-७५ मध्ये तोही नाही. मग तिला ओळखायचे ते तिच्या सवयीवरून. तिच्या आतले कप्पे दर आठाला तेच ते पुन्हा दिसू लागतात, आणि जे कप्पे वापरातच नाहीत त्यांना विचारले तर ती आधीचेच उत्तर परत देते. ही लकब जुळली म्हणजे बहुधा ती एलएम-७५. लिनक्समधल्या तिच्या प्रोग्रामात ही युक्ती आजही वाचायला मिळते. चोराच्या पावलांच्या ठशांवरून माग काढणाऱ्या रामोशाची आठवण व्हावी अशीच ती आहे.

१९९८: हौशी माणसांचे काम

विंडोजसाठी मदरबोर्डच्या कंपन्या आपापला प्रोग्राम चकतीवर घालून देत. तो त्यांच्याच बोर्डावर चाले आणि त्याचा मजकूर कुणाला दिसत नसे. लिनक्स वापरणाऱ्यांना कुणी काही देत नव्हते. त्यांच्यातल्या काहींनी हे काम स्वतःच अंगावर घेतले. एलएम-७५ आणि एलएम-७८ च्या प्रोग्रामांवर फ्रोडो लूइयार्ड हे नाव आणि १९९८ हे साल आहे. त्याच्याबरोबर फिलिप एडलब्रॉक, मार्क स्टुडबेकर, क्योस्ती मॅल्की ही नावे इतर चिप्सच्या प्रोग्रामांवर दिसतात. दोन तारांच्या मार्गाचा पायाभूत प्रोग्राम सिमॉन फोग्ल ह्याचा, १९९५ पासूनचा. ह्या सामुदायिक कामाला एलएम-सेन्सर्स असे नाव पडले. नावातले 'एलएम' हे त्या मूळच्या चिप्सचे.

ह्या मंडळींनी कामाचे तीन थर पाडले. तळाशी, प्रणालीच्या गाभ्यात, प्रत्येक जातीच्या चिपसाठी एक प्रोग्राम. मधे एक ग्रंथालय, म्हणजे इतर प्रोग्रामांना मागितलेला आकडा काढून देणारा दुभाष्या. आणि वर, माणसाला आकडे छापून दाखवणारा 'सेन्सर्स' नावाचा छोटा प्रोग्राम. शिवाय यंत्रात कोणती चिप आहे ते हुडकून काढणारी एक स्वतंत्र आज्ञावली, तिचे नाव सेन्सर्स-डिटेक्ट.

रोधकांचा प्रश्न त्यांनी मोठ्या शहाणपणाने सोडवला. तो प्रोग्रामात कोंबला नाही. एक साधी मजकुराची फाइल ठेवली आणि तिच्यात 'चौथ्या दाबाला २८ भागिले १० अधिक १ ने गुणावे' अशा ओळी लिहिण्याची सोय केली. ज्याचा बोर्ड निराळा त्याने आपली ओळ बदलावी. चिपला जे माहीत ते चिपच्या प्रोग्रामात आणि बोर्डाला जे माहीत ते वापरणाऱ्याच्या हाती, अशी ही वाटणी होती. पुढच्या सगळ्या सुधारणांत ही वाटणी टिकून राहिली.

अडचण मधल्या थरात होती. एलएम-७८ चालली म्हणताच तैवानच्या विनबाँडने तिच्यासारखी पण थोडी वेगळी चिप काढली. ॲनालॉग डिव्हायसेस, जेनेसिस लॉजिक, आयटीई, व्हीआयए अशा एकामागून एक कंपन्या आल्या. प्रत्येकीचे कप्पे निराळे, मर्यादा सांगण्याची रीत निराळी. काहींनी माहितीपत्रकच द्यायचे नाकारले. असुसच्या बोर्डांवर असणाऱ्या एएस-९९१२७एफ ह्या चिपचे माहितीपत्रक मिळत नव्हते. तिचा प्रोग्राम विनबाँडच्या चिपशी असलेल्या साधर्म्यावरून, ताडून पाहत लिहावा लागला.

आणि दरेक नव्या चिपसाठी तीन ठिकाणी लिहावे लागे. गाभ्यात तिचा प्रोग्राम, ग्रंथालयात तिच्या प्रत्येक आकड्याची जंत्री, आणि वरच्या छपाईच्या प्रोग्रामात तिच्यापुरते वेगळे प्रकरण. दुभाष्याला जणू प्रत्येक गावची बोली स्वतंत्रपणे पाठ करावी लागत होती, आणि नवे गाव वसले की तो नव्याने शिकेपर्यंत त्या गावच्या माणसांनी मुके राहायचे.

एका टकटकीची किंमत

ह्या इतिहासातले सर्वांत कटू प्रकरण नव्या शतकाच्या आरंभीचे आहे.

कोणत्या पत्त्यावर कोण राहते ते हुडकायचे तर दार वाजवण्यावाचून गत्यंतर नाही. दार वाजवण्याची सर्वांत सौम्य रीत म्हणून जी मानली जाई तिला 'क्विक राइट' म्हणतात. पत्ता हाकायचा, 'ओ' ऐकायची, आणि एक अक्षरही न बोलता निघून जायचे. ह्यात कुणाचे काही बिघडेल अशी शंका येण्याचे कारण नव्हते.

पण आयबीएमच्या अनेक थिंकपॅड संगणकांत ॲटमेल कंपनीची एटी-२४आरएफ०८ नावाची एक स्मृतिचिप होती. यंत्राचा क्रमांक आणि अशाच मूळच्या नोंदी तिच्यात असत. ही चिप त्या मुक्या टकटकीने गोंधळून जाई आणि तिच्यातल्या नोंदी बिघडत. यंत्र पुन्हा सुरू करताना त्या नोंदी तपासल्या जात. त्या जुळल्या नाहीत की यंत्र सुरूच होत नसे. आपला संगणक किती तापला आहे एवढेच पाहायला गेलेल्या माणसाचा महागडा संगणक त्यामुळे निकामी होऊन बसे.

दोष कुणाचा म्हणावा? टकटक नियमाला धरून होती. चिप बिनतक्रार चालत होती, कारण मूळच्या यंत्रात तिला अशी टकटक कुणी करतच नव्हते. पण ज्याचा संगणक गेला त्याला ह्या युक्तिवादाचा काय उपयोग? त्या मंडळींनी वाद घातलेला दिसत नाही. त्यांनी आपल्या कागदपत्रांत थिंकपॅडसाठी स्वतंत्र इशारा लिहिला. इंटेलच्या पीआयआयएक्स-४ ह्या जुळणीचा प्रोग्राम असा बदलला, की यंत्र आयबीएमचे आहे असे दिसताच तो काम करायलाच नकार देई आणि कारण स्पष्ट शब्दांत छापी. स्मृतिचिप्स ज्या पत्त्यांवर असतात, दशमान पद्धतीत ८० आणि त्यापुढचे, तिथे टकटक करायची नाही, एक अक्षर वाचून पाहायचे, असा नियम पुढे घातला गेला.

मग सगळीकडेच वाचून का पाहू नये? तर त्यातही धोका. काही चिप्स फक्त ऐकतात, बोलत नाहीत. त्यांना 'वाच' म्हटले की दोन्ही तारा अडून बसतात. १०५ व्या पत्त्यावरच्या घड्याळाच्या चिप्स ह्यासाठी कुप्रसिद्ध. म्हणून काही दारे वाजवायची, काही दारांतून डोकवायचे, आणि काहींच्या वाटेलाच जायचे नाही. आय-टू-सी हुडकणाऱ्या प्रोग्रामाच्या माहितीत हे दोन्ही इशारे आजही छापलेले आहेत. मला ह्या ओळी गावच्या विहिरीवरच्या पाटीसारख्या वाटतात. कुणीतरी बुडाल्यावाचून अशी पाटी लागत नसते.

ह्या प्रकरणाचा धडा असा, की सगळ्यांसाठी एकच रीत करायची ह्याचा अर्थ सगळ्यांना एकाच मापाने वागवायचे असा होत नाही. अपवाद कुठे आहेत हे ज्याने नोंदून ठेवले, त्याचीच सर्वसाधारण रीत टिकते.

एक नाव, एक एकक, एक आकडा

लिनक्सच्या २.४ ह्या मालिकेपर्यंत तापमान-चिप्सचे हे प्रोग्राम मूळ प्रणालीत नव्हते. ज्याला हवे त्याने ते बाहेरून आणून जोडायचे. डिसेंबर २००३ मध्ये २.६ ही मालिका आली, तेव्हा ते घरात आले. त्यासाठी ग्रेग क्रोआ-हार्टमन ह्याने आणि नंतर फ्रान्समधल्या जाँ देल्वार ह्याने पुष्कळ कष्ट घेतले. घरात येण्याची अट अशी, की घराचे नियम पाळायचे. आणि घराचा नवा नियम होता: एका फाइलीत एकच आकडा.

पूर्वी 'टेंप-१' ही फाइल उघडली की तीन आकडे एका ओळीत मिळत: वरची मर्यादा, खाली उतरल्याची मर्यादा आणि सध्याचे तापमान. दाबाच्या फाइलीत क्रम निराळा. कोणता आकडा कशाचा, ते दुभाष्याने पाठ करायचे. आता प्रत्येक आकड्याला स्वतंत्र फाइल आणि तिच्या नावातच तिचा अर्थ. 'टेंप१_इनपुट' म्हणजे पहिले तापमान, 'टेंप१_मॅक्स' म्हणजे त्याची कमाल मर्यादा, 'फॅन२_इनपुट' म्हणजे दुसऱ्या पंख्याचा वेग, 'इन०_इनपुट' म्हणजे पहिला दाब. चिप कुणाचीही असो, नाव हेच.

एककेही ठरली. तापमान अंशाच्या हजाराव्या भागात, दाब व्होल्टच्या हजाराव्या भागात, पंखा मिनिटाच्या फेऱ्यांत. साडेपंचेचाळीस अंश असतील तर फाइलीत ४५५०० असे लिहिलेले सापडणार. हजाराने गुणण्याचे कारण व्यवहारी आहे: प्रणालीच्या गाभ्यात अपूर्णांकांचे गणित करायचे टाळतात. त्यामुळे दशांशचिन्ह कुठे द्यायचे हा वादच उरला नाही.

आपल्या भागातल्या वडीलधाऱ्यांना ह्याचे महत्त्व निराळे समजावून सांगायला नको. शेर, पायली आणि मण ही नावे सगळीकडे होती, पण एका पेठेतला शेर दुसऱ्या पेठेतल्या शेराशी जुळेलच असे नव्हते. धान्य तेच, नाव तेच, तरी व्यवहारात भांडण. १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला, एप्रिल १९५७ मध्ये नवे पैसे आले, आणि ऑक्टोबर १९५८ पासून किलोग्रॅम टप्प्याटप्प्याने बाजारात उतरला. त्याच काळात, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. सीमा कुठे असावी ह्याबद्दल आपल्या भावना काय आहेत ते सर्वश्रुत आहे. पण सीमेच्या दोन्ही बाजूंना किलो मात्र एकच आला, आणि त्याचा उपयोग दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्याला झाला. माप सामाईक होण्यासाठी बोली एक व्हावी लागत नाही. चिप्सच्या बाबतीत नेमके हेच घडले. प्रत्येक चिपने आतमध्ये आपले कप्पे, आपले भाजक, आपली रीत ठेवली. उंबरठ्यावर मात्र तिचे माप सर्वांसारखे झाले.

२००५ साली मार्क हॉफमन ह्याने 'एचडब्ल्यूमॉन' नावाचा एक वर्ग तयार केला. तोवर तापमानाची चिप म्हणजे दोन तारांवरची चिप असेच धरलेले असे. पण आता आयटीई आणि विनबाँडच्या चिप्स निराळ्याच मार्गाने बोलत. एकेकाळी फ्लॉपी, छपाईयंत्र आणि सीरियल जोडणी सांभाळणाऱ्या चिपमध्येच तापमान मोजण्याची सोय येऊ लागली होती. नव्या वर्गामुळे ती कोणत्या वाटेने आली हे विचारायचे कारण राहिले नाही. मोजणारी असली म्हणजे ती ह्या वर्गात.

शेवटचा टप्पा २००७ सालचा. जाँ देल्वारच्या देखरेखीखाली एलएम-सेन्सर्सची तिसरी आवृत्ती आली आणि ग्रंथालयातली प्रत्येक चिपची जंत्री काढून टाकण्यात आली. वर्षानुवर्षे खपून भरलेली पानेच्या पाने एका फटक्यात पुसली गेली. आता दुभाष्या फाइलींची नावे वाचतो, नावावरून ओळखतो की हे तापमान, ही त्याची मर्यादा, हा इशारा. आणि तसे छापतो. उद्या कुणी नवी चिप काढली आणि तिचा प्रोग्राम गाभ्यात नियमाप्रमाणे लिहिला, तर दुभाष्याला काही शिकवावे लागत नाही. तीन ठिकाणचे काम एका ठिकाणी आले. ज्यांनी ती जंत्री लिहिली होती त्यांचे श्रम वाया गेले असे म्हणता येणार नाही. इतक्या चिप्स एकेक करून हाताळल्या, म्हणूनच त्यांच्यात सामाईक काय आहे ते दिसले. सर्वसाधारण नियम आधी सुचत नाही. तपशिलांची हमाली केल्यावर तो हाती लागतो.

जे सामाईक होऊ शकले नाही

म्हणून सगळे सुरळीत झाले असे मानण्याचे कारण नाही. तीन गोष्टी उरल्याच.

पहिली रोधकांची. बोर्डावर कोणते रोधक आहेत हे कोणतीही सर्वसाधारण रीत सांगू शकत नाही. तापमानाच्या जागी काही जोडलेलेच नसेल तर चिप १२७ अंश किंवा असाच अशक्य आकडा दाखवते, आणि बघणारा घाबरतो. अशा आकड्यांकडे दुर्लक्ष करायला सांगणारी ओळ अजूनही माणसालाच लिहावी लागते.

दुसरी गोष्ट दोन धन्यांची. त्याच चिपशी बोर्डावरचे कायमचे सॉफ्टवेअर, ज्याला बायॉस म्हणतात, तेही अधूनमधून बोलत असते. लिनक्सने एक कप्पा मागितला आणि तेवढ्यात बायॉसने चिपचे पानच उलटले, तर उत्तर भलत्याच कप्प्याचे येते. वाचण्यात झाले तर आकडा चुकतो. लिहिण्यात झाले तर पंख्याचा वेग बदलू शकतो. म्हणून २००९ च्या सुमारास लिनक्सने असा नियम केला, की बायॉसने जी जागा आपली म्हणून सांगितली आहे तिथे इतरांनी जायचे नाही. अनेकांच्या यंत्रावर कालपर्यंत दिसणारे आकडे त्यामुळे दिसेनासे झाले आणि तक्रारी झाल्या. पण थिंकपॅडचा इतिहास ठाऊक असलेल्याला हा सावधपणा पटावा. चुकीचा आकडा हा आकडा नसण्यापेक्षा वाईट, आणि बिघडलेले यंत्र दोहोंपेक्षा वाईट.

तिसरी गोष्ट माहिती दाबून ठेवण्याची. तैवानच्या ॲबिट कंपनीने आपल्या बोर्डांवर युगुरू नावाची खास स्वतःची चिप बसवली होती. तिची माहिती उपलब्ध नव्हती, म्हणून २००५-०६ मध्ये हान्स द खुड ह्याने तिचे वागणे पाहून पाहून प्रोग्राम लिहिला. तापमान आणि दाब वाचणे साधले. प्रोसेसरचा दाब आणि वेग बदलण्याचा भाग, माहितीअभावी, सोडून द्यावा लागला आणि तसे कागदपत्रांत नमूद केले गेले. माझ्या मते प्रश्न इथे तंत्राचा नाही, हक्काचा आहे. पैसे देऊन यंत्र घेतले, तर ते किती तापले आहे हे जाणण्याचा अधिकार धन्याला हवा, आणि त्यासाठी विक्रेत्याने दिलेल्या एकाच प्रोग्रामाच्या दारात उभे राहण्याची पाळी त्याच्यावर येऊ नये.

ते माप अजून चालते आहे

पुढे ह्या कामाची मोठी जबाबदारी गुंटर रोएक ह्याच्याकडे आली. २०१६ मध्ये आणखी एक पाऊल पडले: चिपच्या प्रोग्रामाने आपल्याकडे काय काय आहे एवढीच यादी द्यावी, आणि नियमाप्रमाणे नावे असलेल्या फाइली गाभ्यानेच तयार कराव्यात. लिहिणाऱ्याच्या हातून नाव चुकण्याचा संभव त्यामुळे उरला नाही. २०२० साली चकतीच्या तापमानाचीही सोय ह्याच वर्गात झाली. तोवर त्यासाठी एचडीडीटेंप नावाचा वेगळा प्रोग्राम लागे, आणि त्याच्याजवळ कोणत्या चकतीला कसे विचारायचे ह्याची स्वतःची एक जंत्री असे. २००७ साली ग्रंथालयातून जी जंत्री गेली, तिचीच ही सख्खी बहीण. तिलाही 'टेंप१_इनपुट' ह्या एका नावाने निवृत्त केले.

आपल्याकडचे उन्हाळे, अवेळी जाणारी वीज आणि वर्षभर साठणारी धूळ लक्षात घेतली, तर ह्या कामाचा उपयोग युरोप-अमेरिकेपेक्षा इथे कमी नाही. शाळेच्या संगणककक्षात किंवा एखाद्या पतसंस्थेत लिनक्सवर चालणारे जुने यंत्र असेल, तर 'सेन्सर्स' एवढा एक शब्द टंकून त्याची नाडी पाहता येते. पडद्यावर येणारा आकडा कुठल्या कंपनीच्या चिपने दिला, हे विचारावेसे कुणाला वाटतही नाही. १९९८ पासून खपलेल्या त्या मंडळींना दुसरे काही साधायचे नव्हते.

दाखवताना मात्र एक पथ्य पाळावे. आकडा दिसला की लगेच त्याच्यावर विश्वास टाकू नये. तो कोणत्या रोधकातून आला, भाजक कोणता, आणि त्या जागी खरोखर काही जोडलेले आहे का, हे एकदा बोर्डाच्या पुस्तिकेशी ताडून पाहावे आणि त्या फाइलीत आपली ओळ लिहावी. सामाईक माप जगाने दिले आहे. आपल्या यंत्राची ती एक ओळ आपणच लिहायची आहे.